वन्सं, हाक मारायची राहिली

वन्सं, आज नवव्या दिवशी नळ आला. आपला हौद काठोकाठ भरला, पत्र्याचं झाकण लावलं आणि वर तुमचा तो ठरलेला दगड ठेवला. मग लक्षात आलं की यातलं अर्धं पाणी आता कुणी वापरणार नाही. तरी पाइप गुंडाळून खुंटीला अडकवला. जमिनीवर टाकला की त्यात गोम शिरते, हे तुम्ही मला पहिल्याच महिन्यात दहा वेळा सांगितलं असेल, आणि दहाही वेळा मी मनात म्हटलं होतं, काय ही कटकट.

तुम्ही गेलात त्याला आता दोन आठवडे होतील. लोक मला विचारतात, काही त्रास होता का, औषधं चालू होती का, किती वय होतं. मी सांगते जेवढं माहीत आहे तेवढं. पण मला दुसरंच काहीतरी बोलायचं असतं आणि ते फक्त तुमच्याशी बोलण्यासारखं आहे.

पाच वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही हिंगोलीत उतरलो तेव्हा आमच्याकडं दोन सुटकेसा, एक शेगडी आणि सासूबाईंनी बांधून दिलेली आमसुलांची बरणी एवढंच होतं. संदेशला बँकेत बढती मिळाली आणि बढतीसोबत हिंगोली मिळाली. मालवणहून निघून गाड्या बदलत इथं पोचेपर्यंत माझे पाय सुजले होते. तुमच्या आवारातलं हे दोन खोल्यांचं घर संदेशनं फोनवरच ठरवलं होतं. घरमालकीण रिटायर नर्स आहेत, एकट्या असतात, मुलगा पुण्याला, एवढीच माहिती. मला वाटलं, बरं झालं, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी तो पराक्रम केला. आमच्याकडं परसात विहीर. सकाळी उठून पहिलं काम म्हणजे रात्रीचं शिळं पाणी माडाच्या मुळात ओतायचं, कळश्या घासायच्या आणि ताजं पाणी भरायचं. आईनं लावलेली सवय. हिंगोलीत मला अंगणात निम्मा भरलेला हौद दिसला, तळाला थोडी माती दिसली आणि मी पदर खोचला. बादलीनं उपसून उपसून अख्खं अंगण धुतलं, तुमच्या दारापुढचंही धुतलं, म्हटलं म्हातारीला तेवढीच मदत. हौद घासून लख्ख केला. वाटलं, आता नळ येईल.

तुम्ही दार उघडलंत आणि ओल्या अंगणाकडं बघतच राहिलात. मग विचारलंत, "काय करून राहिली, बाई?" मी मोठ्या अभिमानानं सांगितलं की शिळं पाणी काढलं. तुम्ही पायरीवर बसलात. नळ पुढच्या गुरुवारी, आज शुक्रवार, असं शांतपणे सांगितलंत. दोन घरांचं सहा दिवसांचं पाणी मी मोरीत घातलं होतं. "पानी शिळं होत न्हाई," तुम्ही म्हणालात. "ते असतं, न्हाईतर नसतं."

मला रडू फुटलं. तुमचा ओरडा मी सहन केला असता, पण तुम्ही ओरडलाच नाहीत. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि विचारलंत, कितवा चालू आहे. मी घरी आईलासुद्धा अजून सांगितलं नव्हतं. चौथा, मी म्हटलं. त्यावर तुम्ही माझ्या हातातली बादली काढून घेतलीत ती घेतलीत. पुढचे सहा दिवस पलीकडच्या गल्लीतल्या बोअरवरून तुम्ही आणि संदेश पाणी आणत होतात. साठी ओलांडलेली बाई डोक्यावर हंडा घेऊन येतेय आणि मी पायरीवर बसून बघतेय. येणारेजाणारे विचारायचे, सिस्टरबाई, पाणी काहून भरून राहिल्या? तुम्ही सांगायचात, हौद फुटला होता. पाच वर्षांत तुम्ही गल्लीत कुणालाही खरं सांगितलं नाहीत. मला मात्र दर उन्हाळ्यात ऐकवलंत, नळ आला की खिडकीशी येऊन, "शिळं झालं का गं?" म्हणून.

बाळंतपणाला मी माहेरी जाणार असं सगळं ठरलेलं होतं. पण आठव्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं आणि आईलाच इकडं यावं लागलं. सासूबाईंच्या गुडघ्यांना एवढा पल्ला झेपणारा नव्हता. मुक्ता झाली. आई आणि तुमचं पहिल्या दिवसापासून वाजलं. आई काजळ घालायला जायची, तुम्ही डबी लपवायचात. आई गुटी उगाळायला बसली की तुम्ही सहाण धुवायला न्यायचात आणि परतच आणायचा नाहीत. तीस वर्षं बायकांची बाळंतपणं केलेली नर्स आणि चार नातवंडं वाढवलेली आजी, मध्ये मी, आणि मला आपलं झोपायचं होतं.

मग बारसं आलं. पाळणा तुम्हीच कुठून तरी पैदा केलात, लाकडी, एका बाजूला किंचित कलणारा. गल्लीतल्या बायका जमल्या, घुगऱ्या शिजल्या, आणि आईनं डोक्याला हात लावला. नाव कानात सांगायचं ते बाळाच्या आत्यानं, आणि संदेश तर एकुलता एक. चुलत बहिणी सगळ्या तिकडं. "आतेशिवाय बारसा कसला?" आई म्हणाली आणि तिचे डोळे भरले. मुद्दा आत्याचा नव्हताच. आपल्या लेकीचं पहिलं बाळ परक्या गावात, कुणी आपलं माणूस नाही, हे तिला इतक्या दिवसांत त्या क्षणी टोचलं.

तुम्ही दाराशी उभ्या होतात. तुम्ही म्हणालात, "मी हाय की. मला भाऊ न्हाई, याला बहीण न्हाई. मंत्रबिंत्र मला येत न्हाईत, पण नाव सांगता येतं आन मार बी खाता येतो."

बायका हसल्या. आई हसली नाही. तुमच्या पुढच्या खोलीतली बुद्धाची मूर्ती तिनं आल्या दिवशीच पाहिली होती आणि मला हळूच दोन प्रश्नही विचारले होते. मी उत्तर टाळलं होतं. ते मला आजही लागतं. तुम्ही पाळण्याशी वाकलात, मुक्ताच्या कानाला तोंड लावलंत आणि कुर्रर्र केलंत. रीतीप्रमाणं आता आत्याच्या पाठीत गुद्दे घालायचे. पहिला मान आईचा. तिनं हात उचलला आणि तो हवेतच राहिला. सगळ्यांना दिसलं. तुम्ही मान न वळवता, वाकलेल्याच, म्हणालात, "मारा की, बाई. माझी पाठ दुखून राहिली."

आईनं मारलं. चांगलं दणकून मारलं. मग दोघी एकमेकींचे हात धरून हसत बसलात आणि पाळण्यातली पोर घाबरून रडायला लागली. जाताना आई बस स्टँडवर मला म्हणाली, त्यांका सांभाळ. मी म्हटलं, त्याच मला सांभाळतायत. पण ते मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही डोक्यावर चढून बसला असता.

त्या दिवसापासून तुम्ही मला 'काकू' म्हणू देईनात. मी 'आई' म्हणून पाहिलं तर म्हणालात, आई तुझी तिकडं हाय, सासू बी हाय, त्या जागा भरल्यात. मी नणंद. नणंदेशी बरोबरीनं भांडता येतं. माझी आजी तिच्या नणंदेला 'वन्सं' म्हणायची. तो शब्द मी थट्टेनं उचलला आणि तो चिकटलाच. तुम्ही भिंतीपलीकडून ओरडायचात, "ए भावजय!" नवीन दूधवाला एकदा बिचकून मला विचारत होता की एवढ्या तरुण भावजयीची एवढी मोठी नणंद कशी. मी म्हटलं, आमच्या घरात असंच असतं.

भांडलो किती. तुम्हाला माझा भात पटला नाही. दोन वेळा भात खाणाऱ्या माणसाच्या अंगात ताकद कुठून येणार, असं तुमचं पक्कं मत. मला तुमच्या ठेच्यानं ठसका लागायचा आणि तुम्ही उलट मलाच म्हणायचात की कोकणात माणसं खोकतातच फार. सोलकढीला तुम्ही 'गुलाबी ताक' म्हणून नाक मुरडलंत, आणि पुढच्या उन्हाळ्यात आमसुलांची बरणी माझ्या आधी तुमच्या घरात संपली. मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा मुक्ताला दिवसभर कुणाकडं ठेवायचं हा प्रश्न मी तुम्हाला विचारायला आले, तर तुम्ही रागावलात. विचारायला आले म्हणून रागावलात. तिच्या लसीकरणाचं कार्ड तुमच्याच कपाटात होतं. माझी पोर आणि तारखा तुम्हाला पाठ.

औंढ्याला गेलो होतो ते आठवतं? मंदिराबाहेर सावली बघून तुम्ही बसलात. मी म्हटलं, चला ना आत, निदान दगडावरचं काम तरी बघा. तुम्ही म्हणालात, तुमचा देव तुम्ही बघा, माझं लेकरू मी बघते. आम्ही बाहेर आलो तर मुक्ता तुमच्या मांडीवर झोपली होती आणि तुम्ही चपला राखणाऱ्या बाईला रक्तदाबाची गोळी रोज का घ्यायची हे समजावून देत होतात. त्या बाईनं मला सांगितलं, तुमची आत्या लई खमकी हाय. आत्या माझ्या लेकीची, मी म्हटलं, माझी नणंद.

म्हणजे तेव्हा मला म्हणता येत होतं.

आता त्या दिवाळीबद्दल. ते टाळून हे लिहिण्याला काही अर्थ नाही. पाडव्याला सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी नवी साडी नेसून दाखवली, मुक्तासाठी केलेले लाडू दाखवले आणि विचारलं, मी कोण सांग? मुक्ता लाजली आणि तुमच्या पदरात तोंड लपवून म्हणाली, माहीत नाही. सासूबाई हसल्या. पण फोन संदेशच्या हातात होता, आणि त्याच्या शेजारी तुम्ही होतात. त्यांचा चेहरा तुम्ही माझ्यापेक्षा नीट पाहिलात.

दुसऱ्या दिवशी टेबलावर मला बदलीचा अर्ज दिसला. कोकणात विनंती बदली मिळावी, कारण वृद्ध आईची काळजी. अक्षर संदेशचं, पण असलं काही आपणहून करणारा तो माणूस नव्हे. विचारलं तर म्हणाला, ताईंनी बसवून लिहून घेतला. तुम्ही तिथंच चहा पीत होतात. गंमत बघा, पहिली दोन वर्षं मीच रोज म्हणायचे की बदली घे, इथं माझा जीव रमत नाही. तेव्हा संदेश ऐकत नव्हता. आणि आता, माझी शाळा, माझी गल्ली, माझं अंगण झाल्यावर, तुम्हीच आम्हाला हाकलायला निघालात.

तुम्ही म्हणालात, "तिकडं बी एक माय बसली हाय. ती जित्ती हाय तवर जा."

मी म्हणाले, आमचं आम्ही बघू. तुम्ही म्हणालात, तुम्ही बघून नाही राहिले, म्हणून मी बघते. आणि मग माझ्या तोंडून ते गेलं. "तुम्ही आमच्या कोण लागता? घरमालकीण आहात, घरमालकिणीसारखं राहा."

संदेश उठून उभा राहिला. तुम्ही उरलेला चहा संपवलात, कप विसळलात, नेहमीच्या जागी पालथा घातलात आणि गेलात. माझा राग नाकावर असतो आणि तसाच उतरतोही, हे तुम्हाला माहीत होतं. रात्रीपर्यंत उतरलाही. मी ठरवलं, सकाळी जाऊन माफी मागायची. पण सकाळी तुम्हीच आलात, मुक्ताची वेणी घालायला, रोजच्यासारख्या. रिबिनी कुठं आहेत विचारलंत. शेवग्याच्या शेंगा आणल्यात. मी म्हटलं, चला, झालं गेलं, नणंद-भावजयीचं भांडण ते किती दिवस टिकणार. माफी कशाला मागायची, उगाच विषय निघेल.

दोन दिवसांनी तुम्ही भिंतीपलीकडून हाक मारलीत, "शुभांगी, नळ आला गं."

शुभांगी. कागदावरचं माझं नाव, तुमच्या तोंडून मी भाडेकराराच्या दिवसानंतर पहिल्यांदाच ऐकलं. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. घरमालकीण भाडेकरणीला जशी हाक मारेल तशी चांगली, नीट हाक होती. तुम्ही मी सांगितलं तसं वागत होतात. मला 'वन्सं' म्हणायचं होतं, पण तो शब्द मी कुठल्या तोंडानं उच्चारणार होते? म्हणून मी काहीच म्हणेना. तीन महिने मी तुम्हाला हाक न मारता जगले. कडी वाजवायची, खाकरायचं, मुक्ताला पुढं पाठवायचं. मुक्ताची तुम्ही आत्याच राहिलात, तिच्या बाबतीत तुम्ही काही कमी केलं नाहीत. फक्त माझ्यापुरतं तुम्ही एक पाऊल मागं घेतलंत आणि मी ते घेऊ दिलं.

अर्ज मी फाडला नाही. संदेशनं तो पाठवला. तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. त्या तीन महिन्यांत मला एक जुनी गोष्ट राहूनराहून आठवायची. एकदा तुरीच्या शेंगा सोलताना तुम्ही सांगितलं होतं की तुमची नेमणूक डोंगरकड्याकडं होती आणि आई सेनगावला एकटी. बदलीचा अर्ज दर वर्षी लिहायचात आणि दर वर्षी वाटायचं, या पावसाळ्यात इथली बाळंतपणं होऊ देत, पुढच्या वर्षी बघू. आई गेली तेव्हा तुम्ही कुणाच्या तरी लेकराची नाळ कापत होतात. दोन गाड्या बदलून पोचलात तोवर सगळं आटोपलं होतं. तुम्ही हे एवढंच सांगून शेंगांची टरफलं झाडून उठलात. मी तेव्हा अरेरे म्हटलं आणि विसरले. अर्जाच्या दिवशी ते मला आठवायला हवं होतं. तुम्हीही आठवण करून दिली नाहीत. भांडताना आपलं दुःख मध्ये आणायचं नाही असा तुमचा काही नियम असावा. मला मात्र तो नियम अजिबात मान्य नाही, वन्सं. एक वाक्य बोलला असतात तर मी तिथंच गप्प बसले असते.

त्या दिवशी सकाळी तुमचा झाडू वाजला नाही. मी शाळेच्या गडबडीत होते, तरी ते कानाला जाणवलं. कडी वाजवली. खाकरले. मुक्ताला पाठवणार होते, पण का कोण जाणे, नाही पाठवलं. खिडकीतून पाहिलं तर तुम्ही कुशीवर निजला होतात, हात उशाखाली. तेव्हा हाक मारली. तीन महिन्यांनी मारली, मोठ्यानं मारली, गल्लीतल्या लोकांनी ऐकली. फक्त तुम्हाला ऐकू आली नाही.

परवा तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तुमच्या प्रशांतनं पुण्याहून येऊन सगळं मनापासून केलं, त्याच्याबद्दल तुम्ही मनात काही ठेवू नका. अंगणात पांढरा कपडा घातला होता, तुमचा नर्सच्या साडीतला फोटो होता. मुक्तानं सगळ्यांना सांगितलं की ही माझी आत्या आहे. मी आत स्वयंपाकघरात होते. सेनगावहून तुमच्या चुलत बहिणी आल्या होत्या, दहा-बाराजणी, भिंतीला टेकून बसलेल्या. कुणी परात मागत होतं, कुणी साखर, आणि तुमचा कुठला डबा कुठं हे मलाच माहीत असल्यामुळं मी उभ्याउभ्या सगळं काढून देत होते. त्यातली सगळ्यात म्हातारी, जाड भिंगाच्या चष्म्याची, बराच वेळ मला न्याहाळत होती.

शेवटी तिनं विचारलं, "समदं तुलाच ठावं दिसून राहिलं. तू गयाची कोन व्हय?"

तोच प्रश्न. तुमच्याच घरात, आणि आता मला विचारलेला. दाराशी उभी असलेली गल्लीतली बाई माझ्या वतीनं सांगायला लागली की या इथल्या भाडेकरू, लई वर्षांपासून...

"भावजय," मी म्हणाले.

म्हातारीनं चष्मा वर केला. "गयाला तर भाऊच नव्हता."

"आहे," मी म्हणाले. "बाहेर सतरंज्या घालतोय."

तिनं दारातून बाहेर पाहिलं. संदेश खरोखरच सतरंजीचं एक टोक धरून उभा होता, दुसरं टोक प्रशांतच्या हातात होतं. म्हातारी सरकली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवरून हात फिरवून तिनं ती साफ केली.

"मंग उभी काहून हाईस?" ती म्हणाली. "घरच्या बायांत बस."

मी बसले, वन्सं.